परसातलं अंडं

आमच्या नांदेडच्या घरात अंड्याला बंदी. आई माळकरी, आणि वडील, म्हणजे आमचे दादा, अंड्याचे लई शौकीन. ते नायगावकडच्या एका शाळेत मास्तर होते. रविवारी सुट्टी असली की परसात पेरूखाली स्टोव्ह पेटायचा. तवा वेगळा, उलथनं वेगळं, ताटल्यासुद्धा वेगळ्या. दादा अंड्याची पोळी टाकायचे, मी कांदा चिरायची. "काय करून राहिलात तिकडं? मीठ घातलं का?" आई नाकाला पदर लावून आतूनच ओरडायची. त्या रविवारांसाठी अजून जीव तुटतो माझा.

पुढं दादा रिटायर झाले, मी लग्न होऊन लातूरला आले, आणि एका तपासणीत त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. आईला निमित्तच मिळालं. स्टोव्ह माळ्यावर गेला, अंडं बंद. पण दादांचं उतरलेलं तोंडही तिला बघवेना. मग कोपऱ्यावरच्या बेकरीतून खारी यायला लागली. दोन्ही वेळच्या चहाला बशीभर! "शाकाहारी हाय, त्यात कुठलं आलंय कोलेस्टेरॉल?" असं मला फोनवर ठणकावायची.

काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा आणखी वर. आई घाबरून गेली. मी लातूरहून आले आणि आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो.

"काका, कोलेस्टेरॉल बरंचसं आपलं शरीरच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा," डॉक्टर म्हणाले. "खाण्यातून जास्त आलं की यकृत स्वतःचं बनवणं कमी करतं. आतडीही सगळं आत घेत नाहीत. बहुतेकांचं असं जुळून जातं."

"म्हणजे पाहुण्यानं डबा आणला की आमची ही भाकरी कमी थापते, तसं," दादा म्हणाले.

डॉक्टर हसले. "तसंच. पण डालड्यासारखी चरबी रोज पोटात गेली की रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून घ्यायचं यकृताचं काम मंदावतं. बेकरीचं काही खाता का?"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. दादा घाईघाईनं म्हणाले, "खारी खातो. मीच मागतो हो, ही नकोच म्हणत असते." धादांत खोटं! आणि हा माणूस जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आलेला.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, खारी बंद केली, अधूनमधून एखादं अंडं चालेल म्हणाले. रिक्षात बसल्या बसल्या आईला रडू फुटलं.

"मीच घातलं की हो तुमच्या पोटात!"

"काहीतरीच तुझं. मेलो का मी?"

"तसलं बोलू नका!" ती खवळली. मग डोळे पुसत म्हणाली, "काय खायचं ते खा. पण मला एकटीला टाकून जाऊ नका."

गेली मात्र तीच आधी, साध्या तापाचं निमित्त होऊन. मला अजून राग येतो तिचा. दादा आता माझ्याकडे लातूरला असतात. परवा त्यांची तपासणी केली. कोलेस्टेरॉल अगदी ठीक आलंय, असं मी वाचून दाखवलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण आता हे सांगू कुणाला?"