दोको गा इताइ

आमच्या वडिलांना, आबांना, आयुष्यात कधी काही दुखलं नाही. निदान त्यांनी तसं कुणाला सांगितलं नाही. निलंग्याला शेतात बैलाचा पाय त्यांच्या पावलावर पडला, तेव्हाही म्हणाले, "मला काय धाड भरली? बैल लंगडतोय का बघा."

पंच्याहत्तरी उलटल्यावर मी त्यांना लातूरला आणलं. मी आकड्यांवर भिस्त ठेवणारा माणूस. रोज सकाळी त्यांचा रक्तदाब मोजायचो आणि विचारायचो, "आबा, कुठं दुखतंय का?"

"न्हाई."

वरचा आकडा एकशे सत्तर असला तरी "न्हाई". त्या शब्दाचीच मला धास्ती बसली होती.

माझी मुलगी वैष्णवी तेव्हा जपानला वृद्धांच्या सेवेच्या नोकरीवर जायची तयारी करत होती. जपानीच्या क्लासमध्ये साधे प्रश्न घोटून घेत: झोप लागली का, पाणी हवं का, कुठं दुखतंय. सरावाला म्हातारं माणूस घरातच होतं.

"दोको गा इताइ देस का?"

"काय म्हणायलीस गं?"

"कुठं दुखतंय, असं विचारलं. तुम्ही जपानी आजोबा. दुखतंय तिथं बोट ठेवायचं."

"जपानी म्हातारे कण्हतेत का?"

"कण्हतात की."

आबा लगेच कण्हले.

मग रोज संध्याकाळी हा खेळ चाले. कधी गुडघा, कधी कंबर. एकदा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो दुखतोय."

पुढे एकदा लागोपाठ तीन संध्याकाळी बोट छातीवर, डावीकडे, त्याच जागी गेलं. तिसऱ्या दिवशी ते कण्हले नाहीत. वैष्णवी मराठीत म्हणाली, "आबा, खरंच दुखतंय?"

"न्हाई गं."

बोट मात्र तिथंच होतं. तसेच रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाच्या दोन नसा तुंबल्या होत्या. "आणखी उशीर केला असता तर..." डॉक्टर इतकंच बोलले.

आबा बरे झाले. वैष्णवी जपानला गेली, जाताना तो प्रश्न मला शिकवून गेली. मी विचारलं की आबा म्हणत, "बाळू, तुझं जपानी लई कच्चं हाय," आणि बोट ठेवत. मराठीत विचारलं तर उत्तर जुनंच.

दीड वर्षानं ते पुन्हा दवाखान्यात होते. आता हातात काही नाही, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. मी आत येऊन कॉटशेजारी बसलो. त्यांचं पांघरूण सारखं केलं. आबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"दोको गा इताइ, बाळू?"

माझ्या तोंडून निघालं, "न्हाई."