दोन रेघा आणि गाईची भाकरी

हॉलंडला असलेल्या लेकीने काल व्हिडिओ कॉलवर एक आलेख दाखवला. गुरांच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या मिथेन वायूचा.

"बाबा, ही निळी रेघ इथली. वर्षागणिक उतरत आलीय. लाल आपल्याकडची, ती चढतेच आहे."

हवा तापवणारा वायू तो. रेघ उतरली तर भलंच आहे, मलाही कळतं. पण माझं लक्ष समोरच्या गोठ्याकडे होतं. तिथे आमची कपिला अर्धे डोळे मिटून रवंथ करत बसली की बघणाऱ्याचा श्वाससुद्धा संथ व्हायचा. आता तिथे मोटरसायकल असते. कपिला गेली, मग दुसरी गाय आणायला उमेदच उरली नाही.

"आपल्या घरची रेघ कधीच खाली आली गं," मी म्हणालो. ती हसायला गेली आणि तिने आलेख बाजूला केला.

तेवढ्यात तिच्या आईने तव्यावरची पहिली भाकरी सवयीने गाईसाठी बाजूला काढली. रोजच काढते. संध्याकाळी ती भाकरी उकिरड्यावर जाते. तिथे कुजतानाही तोच वायू निघतो म्हणे. फक्त कुणाचं पोट भरत नाही.