उसनी दुखणी

"इथं दुखून राह्यलंय साहेब, आन् हितून पाठीत जातंय," असं म्हणत मामा स्वतःचीच कंबर धरून वाकडे व्हायचे. जिची कंबर दुखायची ती बाई शेजारी बाकावर गप्प बसलेली असायची.

नव्वदच्या आसपास मंठ्याकडच्या एका लहान दवाखान्यात मी नर्स होते आणि मामा शिपाई. तांड्यावरच्या बंजारा बायकांना मराठी येत नसे, डॉक्टरसाहेबांना गोरमाटी कळत नसे. मध्ये उभे मामा, तांड्यातच वाढलेले.

"अहो, नुसतं तोंडानं सांगा ना," साहेब वैतागायचे.

"न्हाई साहेब. बोलण्यात इकडचं तिकडं व्हतंय. हात ठिवला की बराबर कळतंय."

मामांच्या आईचं दुखणं कुठल्याशा डॉक्टरला नीट कळलंच नव्हतं आणि ती त्यातच गेली. हे एकदाच बोलले, आणि लगेच उठून बाहेर गेले.

तसंही बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. एसटी थांबली की कोण उतरलं बघायला फाटकाकडे, तिथून परत आत. त्यांच्याकडे बघूनच आपल्याला दम लागावा. मी चिडवायची, "मामा, आज काय काय झालं तुम्हाला?"

"सकाळी दाढ झाली, मंग पोटात कळा. बाळंतपण तेवढं बाकी हाय."

एका दुपारी सुजलेला पाय घेऊन एक म्हातारी आली. तिचं ऐकता ऐकता मामा थांबले. छातीवर तळहात ठेवून नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "इथं दुखून राह्यलंय, साहेब."

साहेबांनी सवयीनं स्टेथोस्कोप म्हातारीच्या छातीला लावला. मीही तिच्याच दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला. दुसरं काही आमच्या डोक्यातच आलं नाही.

म्हातारीनं माझा हात झटकला. भिंतीला टेकलेल्या, घामानं भिजलेल्या मामांकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात दाबून ती वाकली. अगदी मामा वाकायचे तशी. तेव्हा कुठं आम्हाला कळलं.

जीपमध्ये घालून आम्ही जालन्याकडे निघालो. मामा वाटेतच गेले.

संध्याकाळी मी परत आले, तर म्हातारी बाकावर तशीच बसलेली. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. काय झालं ते तिच्या बोलीत सांगणारं आता दवाखान्यात कुणी नव्हतं. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि माझ्या छातीवर हात ठेवला.