दुधीचा वेल आणि विकलेला मेंढा

मागच्या आठवड्यात संध्याकाळी गारखेड्यातल्या आमच्या गॅलरीत दुधीला यंदाचं पहिलं फूल आलं. पांढरंशुभ्र, नाजूक... आणि मागे नुसताच लांब देठ. म्हणजे नर फूल.

मुलगी कात्री घेऊनच उभी होती. "याला दुधी लागणार नाही ना? मग काढून टाकू, वेलाची ताकद वाचेल." मी तिचा हात इतक्या जोरात धरला की ती घाबरलीच... मला आमचे अण्णा आठवले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मेंढपाळाचं. सलग दोन वर्षं पाऊस फिरकला नाही तेव्हा अण्णांनी अख्खा कळप विकला आणि आम्हाला घेऊन शहरात आले. तेव्हा गारखेड्याच्या पुढे मोकळी रानं होती, तिथे पत्र्याची एक खोली मिळाली. अण्णा चितेगावच्या एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले.

जन्मभर मेंढरं राखलेला माणूस आता गेट राखत होता. घरी आल्यावर हातांचं काय करावं हे त्यांना कळायचंच नाही. मग त्यांनी खोलीमागे दुधीचं बी टोचलं. टँकर चार-चार दिवसांनी यायचा, त्यामुळे वेलाला फक्त भांडी विसळलेलं पाणी... तेही आई नाइलाजाने द्यायची.

वेल पत्र्यावर चढला, फुलं आली. अण्णांनी दोन दिवस नीट पाहिलं आणि ठरवलं की ज्या फुलामागे इवलासा दुधी नाही, ते फूल फुकटं. "खायला काळ अन् भुईला भार," म्हणाले. दुष्काळ पडला की मेंढपाळ आधी नर विकतो, आहे तो चारा माद्यांना पुरावा म्हणून. तोच न्याय त्यांनी वेलाला लावला. रोज संध्याकाळी नर फुलं कळ्यांसकट खुडायचे.

आणि मागे दुधी असलेली फुलं रोज पिवळी पडून गळायची...

पंधरा दिवसांनी आईने सांगून टाकलं, "अमावास्येपत्तर बघते, नाय तर येल उपटते. आपल्यालाच प्यायला पाणी नाय." अण्णांनी त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली. कळप गेला होता, आता हाही जाणार होता.

गंमत बघा, मी तेव्हा नववीत होते आणि फुलाच्या आकृतीला मला पैकीच्या पैकी मार्क होते. पुंकेसर, परागकोश, कुक्षी, अंडाशय... नावांच्या रेघासुद्धा पट्टीने मारलेल्या. पण आकृती जास्वंदीची, एकाच फुलात सगळं. मला वाटायचं, जगातली सगळी फुलं अशीच असतात. मग एके दिवशी बाई म्हणाल्या की काही फुलं एकलिंगी असतात, नर वेगळं, मादी वेगळं, आणि उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं, भोपळा. मी बाकावरच गार पडले.

पण अण्णांना परागीभवन सांगायचं कसं? वडिलांसमोर नर-मादी म्हणायचीच लाज वाटत होती. शेवटी वेलाकडे बघत विचारलं, "अण्णा, कळपातले समदे मेंढे इकल्यावर कोकरं कुठनं यायची?"

त्यांच्या मुठीत नुकत्याच खुडलेल्या कळ्या होत्या. मूठ उघडून त्यांनी त्या पाहिल्या. म्हणाले, "एक ठिवायचा असतो, पोरी. कितीबी दुष्काळ असू दे, एक मेंढा ठिवायचाच. औंदा म्या त्यो बी इकला... तवापास्नं ध्यानातच ऱ्हायलं नाय."

अण्णांना रडताना मी कधी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं, म्हणून तेव्हाही नाही.

अमावास्या चार दिवसांवर होती. वेलावर एक मादी फूल उमलत होतं आणि नर एकही उरला नव्हता. मी धावत मागच्या गल्लीतल्या मुसलमान मावशींकडे, आमच्या खालांकडे गेले, त्यांच्या दारावरही दुधीचा वेल होता. "ले जा ना बेटी, कित्ते होना उत्ते ले जा," त्या म्हणाल्या. दुसऱ्याच्या कळपातला मेंढा मागून आणावा तसं ते एक फूल मी ओंजळीत घेऊन आले.

नर फुलाच्या पाकळ्या काढायच्या आणि आतला पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचा, एवढंच काम. अण्णा म्हणाले, "तूच कर, माझा हात जड हाय." मी केलं. मग त्यांनी आपल्या घोंगडीतला लोकरीचा एक धागा ओढून काढला आणि त्या देठाला खुणेसाठी सैलसर बांधला.

पुढचे तीन दिवस कामावरून आले की बूट न काढताच आधी वेलापाशी. अमावास्येला आईही आली. दुधी बोटाएवढा झाला होता, हिरवागार, खाली मान घालून... आईने हातातलं विसळलेलं पाणी वेलाच्या बुडाशी ओतलं.

तो दुधी आम्ही खाल्ला नाही. आईने विळी मांडली तर अण्णा म्हणाले, "ह्यो बियाला." तो वेलावरच वाळून कडक झाला. अण्णा तो कानाशी धरून हलवायचे आणि आतल्या बिया वाजल्या की हसायचे. शहरात आल्यापासून ते हसलेले मी तेव्हाच पाहिले.

कळप पुन्हा झाला नाही. अण्णांना जाऊनही बरीच वर्षं झाली. रानं गेली, पत्र्याच्या खोल्या गेल्या, त्यांच्या जागी बिल्डिंगा आल्या आणि त्यातल्याच एकीच्या सहाव्या मजल्यावर मी राहते. दरवर्षी एक दुधी बियाला ठेवत ठेवत तोच वेल माझ्या गॅलरीत पोचलाय. इतक्या वर मधमाश्या-पतंग फिरकत नाहीत, तेव्हा त्यांचं काम मलाच करावं लागतं.

काल पहिलं मादी फूल उमललं. नर फुलं होतीच, एकही खुडू दिलं नव्हतं. मुलीला म्हटलं, तूच कर... तिचा हात हलका आहे.

धागा मात्र मी बांधला. अण्णांची घोंगडी त्याच कामासाठी जपून ठेवलीय. दरवर्षी एक धागा निघतो, एका कडेने बरीच उसवत आलीय... पण अजून पुष्कळ वर्षं पुरेल.