सातवा पॉइंट

माझ्या आईचे हात भाजायला लागले, म्हणून आम्ही घरात वीज घेतली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मीच ते विसरलो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. जळगावात मी कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. घरात आई, बायको आणि मी. स्वयंपाकघर पार मागे, खिडकी तळहाताएवढी, भिंती धुरानं काळ्या. दिवसासुद्धा तिथं अंधारच. एकदा पोळपाटाच्या जागी आईनं तापलेल्या चुलीवरच हात टेकला आणि तळवा सोलून निघाला. त्यानंतर आठवड्याला एक तरी चटका ठरलेला.

"चूल शे, चटका लागनारच," आई म्हणायची.

बायको हळूच म्हणाली, "आत्याबाईंले दिवसाबी चटके बसतस." मी म्हटलं, अंधार आहे ना तिथं, बसणारच. प्रश्न सुटला, असं मला वाटलं. तेवढ्यात आमच्या गल्लीत विजेचे खांब उभे राहिले, आणि मी घोषणाच केली की आईच्या हातांसाठी लाईट घ्यायची.

आता वायरमन कोण लावायचा? चार ठिकाणी विचारल्याशिवाय सुतळीचा तोडासुद्धा विकत न घेणारा मी माणूस. फॅक्टरीत माझं काम तेच होतं. पट्टे, तेल, कोळसा, कशाचेही दर आले की त्यांचा तक्ता करायचा, सगळ्यांच्या मालाची यादी सारखी करून घ्यायची आणि मग आकडे शेजारी शेजारी मांडायचे. यादी सारखी नसेल तर तुलनाच होत नाही, हे मी नव्या कारकुनांना छाती फुगवून शिकवत असे.

तीन वायरमन बोलावले. एक जळगावच्या बाजारातला, तोंडानं गोड. दुसरा भुसावळचा, रेल्वेतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी असली कामं करणारा. तिसरा धुळ्याचा, म्हातारा, कमी बोलणारा. तिघांनाही मी घर दाखवलं. ओटा, बैठक, मधली खोली, जिना, माडी. स्वयंपाकघराच्या दाराशी आलो की मी दारात आडवा उभा राहायचो आणि म्हणायचो, "आत बायका आहेत." परका पुरुष चुलीपर्यंत जात नाही, ही आमच्याकडची रीत. दोघे मान डोलावून मागे फिरले.

धुळ्याचा म्हातारा फिरला नाही. तिथंच उभा राहून त्यानं विचारलं, "स्वयंपाक करणाऱ्या बाईंना बाहेर बोलावता का जरा?"

"कशाला?"

"त्यांना विचारलं असतं, दिवा कुठं पाहिजे ते."

मला त्याचा रागच आला. आगाऊ कुठला, असं मनात म्हणत मी त्याला बैठकीत नेऊन चहा पाजला आणि वाटेला लावलं. जाताना तो मागच्या गल्लीतून वळसा घालून गेला आणि आमच्या कौलांतून निघणारा धूर बघत थोडा वेळ थांबला, हे मी माडीवरून पाहिलं.

दरपत्रकं आली तेव्हा मी हादरलोच. काम एकच, आणि धुळेकराचा आकडा बाजारातल्याच्या जवळजवळ दुप्पट! एवढ्या पैशात माणूस काशीला जाऊन आला असता. मी संतापून बायकोला म्हटलं, "धुळ्यावरून आग्र्याचा रस्ता जातो म्हणून काय हा ताजमहाल बांधायला निघालाय?"

मग तक्ता मांडून बसलो. तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं रकाने आखले. आठ दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं. तार कुणाची जाड, लाकडी पट्टी सागाची की कुणा फालतू लाकडाची, बटणं कुठली. बाजारातला आणि भुसावळचा, दोघांचे सहा पॉइंट होते. पॉइंट म्हणजे एक दिवा आणि त्याचं बटण. ओट्यावर एक, बैठकीत दोन, मधल्या खोलीत एक, जिन्यात एक, माडीवर एक. धुळेकराचे मात्र सात. सातव्यापुढं त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "चूल".

आणि मी काय केलं? यादी सारखी करायची म्हणून तांबड्या पेन्सिलीनं तो सातवा पॉइंट खोडला. बघितलंही नाही घर आतून, आणि दिवा वाढवून ठेवला, असं स्वतःशी पुटपुटलो. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! सातवा खोडूनही धुळेकर महागच राहिला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की तो लुबाडणारा आहे. बाजारातल्याला बाकी दोघांचे कागद दाखवून आणखी खाली आणला आणि काम त्याला दिलं. तो तक्ता मी फॅक्टरीत साहेबांनाही दाखवला. त्यांनी शाबासकी दिली.

लाईट आली त्या दिवशी आईनं पालथ्या मातीच्या खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या ठरवल्या. ओट्यावर शेजारीपाजारी जमले. दिवेलागणीला मी बैठकीतलं बटण दाबलं आणि पोरासोरांनी एकच गिल्ला केला. दोन दिव्यांचा लखलखाट! मी फुशारून आईला बोलवायला आत गेलो आणि दारातच थबकलो.

स्वयंपाकघरात मिट्ट काळोख होता. चुलीत निखारे तेवढे लाल दिसत होते. त्या अंधारात आई पीठ ताणून ताणून कोपरापर्यंतच्या हातांवर फिरवत होती आणि अंदाजानं खापरावर टाकत होती. ज्या खोलीसाठी वीज घेतली, तीच एकटी अंधारात राहिली होती, आणि हे मला आत्ता, या क्षणी कळत होतं.

"माय, चिमणी कुठंय?" एवढंच मला विचारता आलं.

बायको मागून म्हणाली, "चिमणी तर त्यांनी चार दिवस झाले, भांडीवालीले देऊन टाकली."

म्हणजे आईनं माझ्यावर भरवसा ठेवला होता. पोरगा लाईट आणतोय, मग रॉकेलची चिमणी कशाला, म्हणून ती देऊन टाकली होती. मला भर गर्दीत कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मी तक्ता काढला. तांबड्या रेघेखालचं "चूल" अजून स्वच्छ वाचता येत होतं.

पुढच्या रविवारी मोटारीनं धुळ्याला गेलो. म्हातारा सामान बांधत होता. मी चाचरत सगळं सांगितलं. मला वाटलं, आता तो उट्टं काढणार. पण तो एवढंच म्हणाला, "माझा दर तोच राहील." मी घासाघीस केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याबरोबर आला. या वेळी दारात मी आडवा उभा राहिलो नाही. आई पदर सावरून कोपऱ्यात बसली होती. त्यानं विचारलं, "आई, दिवा कुठं लावू?" आईनं उठून भिंत चाचपली, चुलीच्या वर थोडं डावीकडं तळवा टेकवला आणि इथंच, अशा अर्थानं म्हणाली, "आठे."

दुपारी काम संपलं. त्यानं बटण दाबलं. वर्षानुवर्षांची काजळी, फडताळातली भांडी, आईच्या मनगटांवरचे जुने-नवे डाग, सगळं एकदम पुढं आलं. बायकोनं तोंडावर पदर धरला. आई दिव्याच्या बरोबर खाली, मान वर करून, हसत उभी होती.

"दिवा लागना का रे भाऊ?" तिनं मला विचारलं.

मला वाटलं थट्टा करतेय. मी बटण बंद केलं. ती हसतच होती. पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हातारा पुढं झाला, मला बाजूला सारून त्यानं दिवा लावला आणि वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती. इतकी वर्षं मी तिच्या हातचं जेवत होतो आणि तिच्या डोळ्यांकडं पाहिलं नव्हतं.

"मोतीबिंदू," तो म्हणाला. "आई, किती दिवस झाले?"

"दोन वरीस व्हयनात."

"माय, मग सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगी दिधं असतं ते मन्ही चूल गई असती. मंग मी घरमा कसाले?"

"आणि ती चिमणी?"

"ती जळो का ना जळो, माले सारखीच. भांडीवालीना घरमा पोऱ्या अभ्यास करस."

म्हणजे भरवसाबिरवसा काही नव्हता. मी चुलीपाशीच मटकन बसलो. म्हाताऱ्यानं पिशवी आवरली आणि म्हणाला, धुळ्याला मोतीबिंदू काढणारा एक चांगला डॉक्टर आहे, संध्याकाळच्या मोटारीनं माझ्याबरोबरच चला.

"चला," मी म्हटलं. "फी घेईल ती घेवो."

आईनं हवेत हात फिरवून माझा खांदा शोधला आणि मला समजावल्यासारखी म्हणाली, "आसं नको करू. पहिले दोन-चार डॉक्टरले इचारी ले, भाऊ. एखादा सस्ता भेटी."

ती थट्टा करत नव्हती.