करीच्या पातेल्यात मी काय घातलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीवरच्या मैत्रिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय. कसं सांगावं ते अजूनही नीट कळत नाही—

आधी ग्रेस आँटीबद्दल सांगते. ते सोपं आहे.

ग्रेस आँटी चिनी, पण जन्म आणि शिक्षण सगळं कॅलिफोर्नियात. मी परदेशात ज्या शहरात शिकायला आले, तिथे क्लेमेंटी भागात, घरांच्या एका ब्लॉकखाली तिच्या आत्याचं शाकाहारी चिनी जेवणाचं दुकान होतं. आत्याला आम्ही सगळे आह-मा म्हणायचो, म्हणजे आजी. आह-मांचे गुडघे गेले, घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ही तिकडची नोकरी सोडून इथे आली. पंचेचाळिशीत वहीत लिहून लिहून होक्कियन ही इथली चिनी बोली शिकली. भाजीवाले तिला ‘अमेरिकन बॉस’ म्हणून चिडवायचे. ती मोडक्यातोडक्या होक्कियनमध्ये त्यांना उलट चिडवायची आणि सगळ्यांत ताजी मशरूम घेऊन यायची. सगळ्यांत जड पातेलं ती स्वतः घासायची. मी कॉलेज सांभाळून तिथे काम करायचे; परीक्षा आली की माझ्या हातात डबा ठेवून म्हणायची, “जा, अभ्यास कर. भांडी कुठे पळून जात नाहीत.”

मी परभणीकडच्या एका गावातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. धंदा चालवणारी बाई मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. मग मी जे केलं ते कसं केलं?

त्या स्वयंपाकघराचा एकच कडक नियम. कांदा नाही, लसूण नाही. चिनी बौद्ध लोक शाकाहार पाळतात तेव्हा हेही पाळतात. ग्रेस आँटीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी हौगांगच्या एका विहारातल्या भिक्खुणींचं जेवण आमच्याकडून जायचं. आह-मांनी सांगून ठेवलं होतं— वेसाकपर्यंत, म्हणजे बुद्धपौर्णिमेपर्यंत, सगळं नीट झालं, तर चूल ग्रेसची. तोवर दोन वर्षं ती भाज्या चिरत होती, गल्ला सांभाळत होती, फक्त त्या दिवसाची वाट बघत होती.

वेसाकच्या आधीचा पंधरावा दिवस. करी पहिल्यांदाच पूर्ण तिच्या हाताची. ती डबे भरायला बाहेर गेली, मला म्हणाली, ढवळत राहा. मी चव घेतली. मला सपक लागली. माझ्या पिशवीत आईने पाठवलेल्या मसाल्याची बाटली होती, मी तो रोज भातावर घ्यायचे. दोन चमचे टाकले.

कांदा-लसूण मसाला.

हो, नावातच आहे. पण आमच्याकडे तो नुसता ‘मसाला’. त्यात काय काय आहे हे माझ्या मनातच आलं नाही. खरंच आलं नाही का? की आलं, आणि वाटलं, दोन चमच्यांनी काय होतंय? तिचं कौतुक व्हावं असं वाटत होतं— की माझं?

दुपारी सगळे डबे भरलेलेच परत आले. भिक्खुणींनी पहिल्या घासालाच चॉपस्टिक्स खाली ठेवल्या होत्या.

ग्रेस आँटीने करी चाखली आणि डोळे मिटले. मग मला विचारलं, अगदी हळू, “तू काही घातलंस का? सांग. मी रागावणार नाही.”

मी मान हलवली. नाही.

तेवढ्यात आह-मा काठी टेकत आत आल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “हिला काय विचारते? ही बुद्धिस्ट, लाह! हिला कळतं. तू अमेरिकन. तुझ्या तोंडाला कांदा-लसणाचीच सवय.”

मी बौद्ध आहे हे खरं. पण आमच्या घरी मटणही शिजतं आणि लसूण तर रोज. आह-मांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी तिथेच उभी होते, हात ओट्यावर ठेवून.

ग्रेस आँटी म्हणाली, “चूक माझी, आत्या. पातेलं माझ्या ताब्यात होतं.”

दुसऱ्या दिवशी ती एकटी हौगांगला माफी मागायला गेली. भिक्खुणींनी माफ केलं. आह-मांनी नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या पुन्हा चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि ग्रेस आँटीला कढईला हात लावू देईनात. ती गल्ल्यावर बसली. कधी कुरकुर केली नाही. आह-मांच्या पायांना तेल चोळायची, त्यांच्याच कृती पुन्हा पुन्हा वहीत उतरवायची. रोज मला वाटायचं, आज सांगू. व्हिसाचं काय होईल, कामाचं काय होईल... नाही, ते नको. मला फक्त तिच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

गेल्या वर्षी आह-मा गेल्या. भाची अमेरिकन, तिला नियम कळत नाहीत, हेच समजून गेल्या. चूल ग्रेस आँटीकडे आली, कारण घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. आता रांग ब्लॉकच्या कोपऱ्यापर्यंत जाते.

मी हल्ली वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात नोकरी करते. शनिवारी तिच्याकडे जाते. परवा दोन नव्या मुली कामाला आल्या होत्या. ग्रेस आँटीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाली, “हिला विचारा. ही आह-मांच्या हाताखाली शिकलीय. नियम हिला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत.”

मुली माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना नियम सांगितले.