चरख्याचा झेंडा

भाचीचा तक्ता रंगवताना पोस्टर कलरचा वास आला आणि जव्हारच्या आमच्या इंग्रजी शाळेचं पटांगण आठवलं. देशाचा झेंडा कसा बदलत गेला, हे दाखवायला आम्ही मुली एकेक झेंडा घेऊन ओळीत उभ्या होतो. शेवटचा, आजचा तिरंगा माझा होता. त्यातलं चक्र मीच रंगवलेलं. ऐनवेळी मॅडमनी तो डॉक्टरांच्या गोऱ्या मुलीला दिला.

"फोटोत तोच येतो, बेटा. तू चरख्याचा धर."

तेव्हा वाटलं, ती उंच म्हणून असेल. आज तसं वाटत नाही.

सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावरून आलेल्या बाबांनी माझ्या झेंड्याला सलाम ठोकला.

"अहो, तो जुना! आता चालत नाही," मॅडम हसल्या, मग सगळेच हसले.

"माजी पोर धरून हाय ना," म्हणत बाबांनी हात खाली घेतला.

मी हसतच उभी होते. तसंच उभं राहायला सांगितलं होतं.